लिमिट वाढवताना संमती, कापताना नुसता मेसेज

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट कार्डांबाबत सविस्तर निर्देश काढले आणि ते त्याच वर्षी १ जुलैपासून लागू झाले. ग्राहकाची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय कार्डाचं लिमिट परस्पर वाढवायचं नाही, असं त्यात बजावलेलं आहे. त्याला लागूनच दुसरी तरतूद आहे: लिमिट कमी केलं, तर ग्राहकाला तसं कळवायचं. एवढंच. किती दिवस आधी कळवायचं, कारण द्यायचं का, आधीच वापरून झालेल्या रकमेच्या खाली लिमिट नेता येतं का, यातलं काहीही त्या तरतुदीत नाही.

वाढीला संमती हवीच, त्याबद्दल वाद नाही. न मागता वाढवून दिलेल्या लिमिटमुळे किती घरं कर्जात रुतली, हे बेळगावातल्या कुठल्याही सहकारी सोसायटीच्या वसुली खात्यात विचारलं तरी कळेल. पण वाढवलेलं लिमिट वापरायचं की नाही, हे निदान आपल्या हातात असतं. कापलेल्या लिमिटबाबत आपल्या हातात काहीच राहत नाही. पैसे खर्च झालेले असतात, पुढची देणी ठरलेली असतात आणि दुपारी एक मेसेज येतो. ज्या निर्णयाने माणसाचं जास्त नुकसान होतं, त्यालाच कमी संरक्षण आहे. हा नियम बदलायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

बदल करण्यासाठी बाहेर कुठे बघायचीही गरज नाही. त्याच निर्देशांमध्ये कार्डाचे चार्जेस बदलायचे असतील तर किमान एक महिन्याची पूर्वसूचना द्यायला सांगितली आहे. वर्षभर न वापरलेलं कार्ड बंद करायचं असेल तर ग्राहकाला कळवून ३० दिवस वाट बघायला सांगितली आहे. म्हणजे कपाटात पडून राहिलेल्या कार्डासाठी महिन्याची मुदत, आणि ज्या कार्डावर दुकान चालतंय, मुलांची फी भरली जातेय, त्याचं लिमिट कापताना एका दिवसाचीही सक्ती नाही.

देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ मध्ये १० कोटींच्या पुढे गेली. आपल्या बेळगाव भागातही कार्ड आता टिळकवाडी किंवा सदाशिवनगरातल्या नोकरदारांपुरतं राहिलेलं नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायला रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये परवानगी दिली आणि ज्या दुकानात कार्डाचं मशीन कधी आलं नसतं, तिथे नुसत्या क्यूआर कोडवर क्रेडिट कार्ड चालू लागलं. गणपत गल्लीतली किराणा खरेदी असो, निपाणीतलं खताचं दुकान असो की खानापूर स्टँडजवळचं मेडिकल, फोन काढायचा आणि स्कॅन करायचं. पुण्याला, गोव्याला, कोल्हापूरला नोकरी करणारी आपली पोरं तिकडच्या पत्त्यावर कार्डं घेतात आणि गावाकडच्या घरखर्चाला वापरतात. बघता बघता खिशात चार कार्डं होतात. एक पगाराच्या खात्यावर आलेलं, एक पेट्रोलसाठी, एक ऑनलाइन खरेदीच्या सवलतीसाठी आणि एक ‘लाइफटाइम फ्री’ म्हणून फोनवरून गळ्यात मारलेलं.

चार कार्डं म्हणजे उधळेपणा, असं मात्र मी म्हणणार नाही. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्क करणाऱ्याची गोष्ट घ्या. दोन लेथ, एक मिलिंग, तीन-चार कामगार. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, मशीनिंग करून परत जातं, पण पार्टीचं पेमेंट दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही. २००६ च्या लघुउद्योग कायद्यात ४५ दिवसांची कमाल मुदत आहे. पण मोठ्या पार्टीला कायदा दाखवला तर पुढचं काम दुसऱ्या शेडमध्ये जातं, हे त्यालाही माहीत असतं. मधल्या काळात हेस्कॉमचं विजेचं बिल थांबत नाही, कामगारांचा आठवड्याचा पगार थांबत नाही, कार्बाइडचे इन्सर्ट, म्हणजे मशीनची कापायची पाती, झिजायचे थांबत नाहीत. सोसायटीचं कर्ज घ्यायचं तर जामीनदार शोधा. बँकेची कॅश क्रेडिट हवी तर उतारा आणा, आणि शेड तर भाड्याची. मग हा माणूस दोन कार्डं ठेवतो. एकाचं बिल महिन्याच्या सुरुवातीला बनतं, दुसऱ्याचं मध्यावर. बिल बनल्याच्या दुसऱ्या दिवशी माल उचलला तर पैसे भरायला ४५ ते ५० दिवस मिळतात. पार्टीचे पैसे आले की पूर्ण बिल भरतो, व्याजाचा एक रुपया देत नाही. एवढ्या शिस्तीने तो खेळतं भांडवल उभं करतो, कारण ते त्याला दुसरं कोणी देत नाही. वडगाव-शहापूरकडचा विणकरही सुताच्या खरेदीसाठी हेच करतो.

आता हिशेब मांडू. समजा त्याच्या एका कार्डाचं लिमिट दीड लाख आहे आणि दुसऱ्याचं एक लाख. पहिल्यावर ७० हजार वापरलेले आहेत, दुसऱ्यावर काही नाही. अडीच लाखांतले ७० हजार म्हणजे २८ टक्के वापर. क्रेडिट स्कोअर चांगला राहायला हा वापर साधारण ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असं सगळे सांगतात, आणि तो तसा ठेवतोय. एके दिवशी पहिल्या कार्डाचं लिमिट दीड लाखावरून ६० हजारांवर येतं. त्याने एक पैसाही जास्त खर्च केलेला नाही, एकही हप्ता चुकवलेला नाही. तरी एकूण वापर ४४ टक्क्यांच्या आसपास जातो आणि त्या एका कार्डावर तर शंभराच्या वर. बऱ्याच कार्डांच्या अटींमध्ये लिमिटपेक्षा जास्त झालेली रक्कम पुढच्या बिलाच्या ‘किमान देय’मध्ये पूर्ण धरलेली असते. म्हणजे नेहमीच्या पाच टक्क्यांवर आणखी १० हजार एकदम भरायचे. विम्याचा हप्ता, फोनचं बिल, जे जे त्या कार्डावर आपोआप कटायला लावलेलं असेल, ते सगळं परत जातं. इन्सर्टवाल्या दुकानदारासमोर ‘डिक्लाइन्ड’ होतं ते वेगळंच.

एवढ्यावर थांबत नाही. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना कार्डांची माहिती निदान दर पंधरवड्याला क्रेडिट ब्युरोंना, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना, द्यावी लागते. नवं लिमिट आणि त्यावरचा वापर तिकडे लवकर पोचतो. स्कोअर खाली येतो. दुसऱ्या कार्डाची बँक अधूनमधून हीच माहिती तपासत असते. तिला दिसतं की या माणसाचा वापर अचानक वाढला. तो का वाढला हे त्या आकड्यात कुठे लिहिलेलं नसतं. मग तीही हात आखडता घेऊ शकते. पहिल्या बँकेने केलेली कपात दुसऱ्या बँकेला ग्राहकाची ओढाताण म्हणून दिसते, यापेक्षा मोठा अन्याय वेळेवर बिल भरणाऱ्यावर दुसरा कोणता असेल?

बँकांची बाजू आहे, आणि ती नीट ऐकून घ्यायला हवी. १६ नोव्हेंबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने विनातारण कर्जांवर लगाम घातला. बँकांच्या क्रेडिट कार्ड येण्यांवरचं जोखीम-वजन १२५ टक्क्यांवरून १५० टक्के केलं. म्हणजे तेवढ्याच उधारीमागे बँकेला जास्त भांडवल ठेवावं लागतं. साहजिकच बँका कार्डांकडे जास्त कडक नजरेने बघू लागल्या. शिवाय भांडवलाच्या नियमांत एक जुनी सवलत राहत आलेली आहे: जे न वापरलेलं लिमिट बँक पूर्वसूचनेशिवाय कधीही रद्द करू शकते, त्यामागे तिला भांडवल बाजूला ठेवावं लागत नाही. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. ग्राहकाला महिन्याची पूर्वसूचना देणं बंधनकारक केलं, तर ती सवलत अडचणीत येईल, बँकांना खर्च पडेल आणि त्या सगळ्यांचीच लिमिटं कमी ठेवतील, असा युक्तिवाद होऊ शकतो.

होऊ दे. दीड लाखाचं लिमिट देऊन अडचणीच्या महिन्यात ते ६० हजारांवर आणण्यापेक्षा पहिल्यापासून ८० हजारच द्या, पण ते टिकणारं द्या. धंदा करणारा माणूस ८० हजारांत बसेल असं नियोजन करू शकतो. जे आज आहे आणि उद्या नसेल, त्याचं नियोजन कोणालाच करता येत नाही. बँक फोन करकरून जे लिमिट गळ्यात घालते, त्याच्या भरवशावर माणूस ऑर्डर घेतो, मुलाचं अॅडमिशन करतो. तो भरवसा बँकेनेच तयार केलेला असतो. त्याची काही किंमत बँकेनेही मोजावी.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आधी कळवलं, तर बुडायला आलेला माणूस कापायच्या आत सगळं लिमिट उपसून घेईल. हे घडू शकतं. पण त्यावर उपाय आहे. ज्याचे हप्ते थकलेत त्याची गोष्ट वेगळी ठेवा. तिथे ताबडतोब कात्री लावायचा बँकेला अधिकार असू दे. ज्याने गेलं वर्षभर वेळेवर भरलंय, त्याला मात्र ३० दिवस द्या. त्या ३० दिवसांत कार्डावरून रोख काढणं बंद ठेवा, हरकत नाही. आणि काहीही झालं तरी नवं लिमिट वापरलेल्या रकमेच्या खाली जाता कामा नये. जसजसे पैसे भरले जातील तसतसं ते खाली आणा. माझी मागणी एवढीच आहे आणि ती अवाजवी नाही.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात टाळताच येत नाही. कार्डाच्या अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असाव्यात, असं रिझर्व्ह बँक म्हणते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात स्थानिक भाषा एकच धरून कसं चालेल? कन्नड असायलाच हवी. पण खानापूर तालुक्यातल्या, येळ्ळूर-उचगावच्या घरात कागद मराठीतच वाचला जातो. प्रत्यक्षात लिमिट कापल्याचा मेसेज येतो इंग्रजीत, ‘रिवाइज्ड’ असा एक मोघम शब्द घेऊन. तो येतोही कर्जाच्या ऑफर, सेल आणि बक्षिसांच्या मेसेजच्या ढिगाऱ्यात. सासऱ्यांच्या नावाचं कार्ड सून सांभाळते, सून मराठी शाळेत शिकलेली, तिने तो मेसेज बघितला तरी त्यातलं गांभीर्य तिला कसं समजावं? कार्ड घेतानाच ग्राहकाला भाषा विचारा, कन्नड की मराठी की आणखी कोणती, आणि निदान लिमिट, व्याज आणि कार्ड बंद होणं या तीन गोष्टींचे मेसेज त्याच भाषेत पाठवा. हे अशक्य नाही. रिझर्व्ह बँकेच्या तक्रार विभागाचा १४४४८ हा नंबर आहे. तिथे कन्नड आणि मराठी, दोन्हीत बोलायची सोय आहे. नियामकाला जे जमतं ते बँकांना जमू नये?

एवढं बँकांना सांगितल्यावर आपल्या लोकांनाही कळकळीने सांगावंसं वाटतं. लिमिट म्हणजे शिल्लक असं धरून चालणारी माणसं मी रोज बघतो आणि मला त्यांची काळजी वाटते. एका कार्डाचं बिल दुसऱ्यावरून फिरवायचं, दुसऱ्याचं तिसऱ्यावरून. ओळखीच्या दुकानात कार्ड घासून कॅश घ्यायची आणि वर दोन-तीन टक्के कट द्यायचा. हे चक्र फक्त लिमिट जागेवर आहे तोवरच फिरतं. त्यातलं एक कार्ड कापलं गेलं की महिन्याभरात सगळं उघडं पडतं. उद्यमबागेतला तो शिस्तीचा माणूस आणि हा फिरवाफिरवी करणारा, दोघांच्या खिशात एकापेक्षा जास्त कार्डं असतात. पण एकामागे येणाऱ्या पेमेंटचा आधार असतो, दुसऱ्यामागे कसलाच नसतो.

‘किमान देय’ भरून भागवणाऱ्यांनी एकदा कागदावर आकडे मांडून बघावेत. ५० हजारांची बाकी, महिन्याला साडेतीन टक्के व्याज, म्हणजे १,७५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३१५ रुपये. किमान देय पाच टक्क्यांनी २,५००. म्हणजे अडीच हजार भरून मुद्दल कमी झालं ४३५ रुपयांनी. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, आज घेतलेल्या तेलाच्या डब्यावरही आजपासून व्याज. वर्षाला हे ४२ टक्के होतात. ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला, त्यामुळे त्या बाजूने आता आधार नाही.

कार्डं सांभाळायचीच असतील तर माझ्या मते दोन पुरेत, आणि ती दोन वेगळ्या बँकांची असावीत. एकाच बँकेच्या दोन कार्डांचं लिमिट बहुतेक वेळा एकत्रच असतं. दोन कार्डं दिसतात, पण रक्कम एकच, आणि कापली जाते तीही एकदम. घरच्यांच्या नावाने घेतलेलं ‘अॅड-ऑन’ कार्डही त्याच लिमिटमधून खातं. ईएमआयवर टीव्ही घेतला तर टीव्हीची पूर्ण किंमत लिमिटमधून अडकते आणि हप्त्याहप्त्याने सुटते. हे लक्षात नसलं की ‘लिमिट कापलं’ असं वाटतं, प्रत्यक्षात ते आपणच अडकवलेलं असतं. एक कार्ड मुदत ठेवीवर घेता आलं तर उत्तम. ठेवीच्या ठरावीक टक्क्यांएवढं लिमिट मिळतं, लहान असतं, पण त्यामागे आपलाच पैसा असल्याने बँकेला ते कापायचं फारसं कारण उरत नाही. तिसरं-चौथं कार्ड बंद करा. बिल पूर्ण भरून अर्ज दिला की सात कामकाजाच्या दिवसांत बंद करणं बँकेला बंधनकारक आहे. उशीर केला तर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड द्यायचा असतो. फक्त घरकर्जाचा अर्ज तोंडावर असेल तर थोडं थांबा, कारण कार्ड बंद केल्यानेही एकूण लिमिट घटतं. आणि सर्वांत जुनं कार्ड शक्यतो ठेवा. बिल आलं की रकमेच्या आधी वरच्या चौकटीतलं लिमिट बघायची सवय लावा.

दवाखान्याच्या डिपॉझिटसाठी कार्डावर विसंबणारे पुष्कळ आहेत, आणि मला सगळ्यांत जास्त भीती तिथली वाटते. रात्री अॅडमिट करायची वेळ येते तेव्हा कार्ड चालेलच, याची हमी आजच्या नियमात नाही. आपल्याकडे दुकानादुकानात रोज संध्याकाळी छोटी ठेव गोळा करणारा पिग्मीवाला येतो. त्याच्या वहीत जमणारे शंभर-दोनशे रुपये कोणी मेसेज पाठवून कापत नाही, आणि गरज पडली तर त्या ठेवीवर सोसायटी कर्जही देते. कार्ड हाताशी आल्यापासून बऱ्याच घरांनी पिग्मी बंद केली. ती पुन्हा सुरू करावी, असं मी भेटेल त्याला सांगतो.

ज्यांचं लिमिट कापलं गेलंय त्यांनी गप्प बसू नये. बँकेकडे लेखी तक्रार करा, कारण विचारा, आणि मेसेज नेमका कोणत्या तारखेला आला व लिमिट कोणत्या तारखेला कापलं गेलं, या दोन्ही तारखा त्यात लिहा. मेसेज पुसू नका. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार करता येते. ही योजना नोव्हेंबर २०२१ पासून आहे, पैसे लागत नाहीत, तक्रार ऑनलाइन जाते किंवा चंदीगडच्या केंद्राला पोस्टाने. चारही क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो मागवा, त्यात लिमिट आणि बाकी बरोबर लागलीय का बघा. चूक असेल आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

आपल्या भागातल्या व्यापारी संघटनांनी, उद्योजकांच्या संघटनांनी आणि सोसायट्यांनीही यात उतरायला हवं. एकट्या ग्राहकाच्या तक्रारीने त्याचं एक प्रकरण सुटेल, पण नियम बदलणार नाही. रिझर्व्ह बँक नवे निर्देश काढण्याआधी अनेकदा मसुदा जाहीर करते आणि सूचना मागवते. त्या सूचना मुंबई-दिल्लीतल्या मोठ्या संस्थांच्याच जाव्यात असं कुठे लिहिलेलं नाही. उद्यमबागेतल्या वीस-पंचवीस शेडवाल्यांनी आपापले मेसेज, त्या त्या महिन्याची बिलं आणि आधीच्या वर्षभराचा वेळेवर भरणा एकत्र लावून दिला, की वेळेवर भरणाऱ्याचंही लिमिट कसं कापलं जातं हे कागदावर दिसेल. असे कागद गोळा करायला संघटनेचं एक टेबल आणि एक माणूस पुरतो.